भालूनं दिलेला सरळ आकडा

फोन आला तेव्हा मी केळव्याच्या सुरूच्या बनात गुडघे टेकून वाळू उकरत होते. वय वर्षं त्र्याहत्तर, पदर कमरेला खोचलेला, डाव्या हातात पिवळं जीपीएस यंत्र आणि उजव्या हातात सुनेच्या स्वयंपाकघरातून न विचारता आणलेला कालथा. सुट्टीला आलेल्या दोन मुली लांबून बघत होत्या. म्हातारीचं काही हरवलंय की डोकंच हरवलंय, याचा त्यांना अंदाज येत नव्हता. फोन सुजाताचा होता, माझ्या दिराच्या मुलीचा. ती म्हणाली, "काकी, बाबा गेले." मी विचारलं, "कुठे गेले?" ... आमच्या घरात पुरुष गेला म्हणजे समुद्रावर गेला, असंच मी पन्नास वर्षं ऐकत आले. पलीकडे ती रडायला लागली तेव्हा कळलं. तरीही, खरं सांगते, उठण्याआधी मी आणखी दोनदा कालथा वाळूत खुपसला. डबा आत्ता सापडला तर धावत पालघरच्या दवाखान्यात जाऊन त्याला सांगता येईल, असं काहीतरी वेडं मनात होतं.

भालू माझा धाकटा दीर. कागदावर भालचंद्र, बाकी सगळीकडे भालू. तो जाऊन आता सहा आठवडे झाले. शेवटची सात वर्षं तो आणि मी मिळून एक खेळ खेळत होतो, त्याला जिओकॅशिंग म्हणतात. एकानं कुठेतरी डबा लपवायचा, त्यात छोटी वही ठेवायची आणि त्या जागेच्या अक्षांश-रेखांशाचे आकडे जाहीर करायचे. दुसऱ्यानं ते हातातल्या यंत्रात घालून डबा शोधायचा, वहीत सही करायची आणि डबा होता तसा परत ठेवायचा. बस्स. बक्षीस नाही, टाळ्या नाहीत. केळव्याला मी शोधत होते तो भालूनं लपवलेला शेवटचा डबा. दवाखान्यातल्या खाटेवरून तो मला प्रत्येक भेटीत एकच विचारायचा, "गावला?" आणि मला त्याला जे सांगायचं होतं ते त्यानं त्या डब्यापलीकडे ठेवून दिलं होतं. ते काय, हे सांगायचं तर मी तरुणपणी किती शहाणी होते तिथपासून सुरुवात करायला हवी.

मी सफाळ्याची. वडील शाळामास्तर. मॅट्रिक होऊन एकोणिसाव्या वर्षी लग्न करून तारापूरजवळच्या या कोळीवाड्यात आले तेव्हा माझी समजूत अशी होती, की माझ्या पायधुळीनं हा किनारा साक्षर होणार आहे. मासळीला हात लावायचा तर मी आधी बांगड्या मागे सारायचे, मग नाक मुरडायचे, मग दोन बोटांनी शेपूट धरायचे. सासूबाई एकदा शेजारणीला माझ्यासमोरच म्हणाल्या, "मास्तरानं सून धाडली का पाव्हणी, कलत नाय." घरात मला माणसात घेतलं ते एका भालूनं. तो तेव्हा पंधरा वर्षांचा, गुडघ्यापर्यंतची चड्डी आणि मिठानं तांबूस झालेले केस. पाटी डोक्यावर कशी तोलायची, ओले बोंबील दोरीवर तोंडात तोंड अडकवून कसे टांगायचे, हे त्यानं शिकवलं. मी शिकत होते, पण तोरा असा की जणू मीच त्याची शिकवणी घेतेय. "भालू, उच्चार नीट कर. 'हाय' नव्हे, 'आहे'." तो म्हणायचा, "आहे तर आहे, वयनी. पन बोंबील उलटा टांगलास, तो पयला सरल कर."

त्याच दिवसांत त्यानं मला खुणा सांगितल्या. तेव्हा बोटीवर कुठलंच यंत्र नव्हतं. समुद्रातली जागा ध्यानात ठेवायची ती किनाऱ्यावर बघून. वीजकेंद्राची चिमणी आणि आमच्या देवळाचा कळस एकामागे एक आले की ती एक रेघ. दक्षिणेला काळदुर्गाचा चौकोनी माथा गावच्या जोडताडांवर बसला की ती दुसरी. दोन रेघा जिथे कापतात तिथे पाण्याखाली खडक, आणि त्या खडकाशी घोळ मासा. एक चांगली घोळ म्हणजे घराचा महिना निघाला. असल्या खुणा बाप मुलाला सांगतो, त्याही होडीत, पाण्यावर. घरात उच्चारायच्या नाहीत, बायकांत तर नाहीच. भालूनं मला सांगितल्या, कारण मी त्याच्या मागे लागले होते. मला समुद्राचंही शिक्षण पूर्ण करायचं होतं ना! संध्याकाळी किनाऱ्यावर उभा राहून हात लांब करून त्यानं दाखवलं आणि वर म्हणाला, "कुनाला बोलू नको हां. आबा मारील."

बोईसरच्या बाजारात माझ्या शेजारी खाडीपलीकडच्या गावची एक सून बसायची, पार्वती. जिभेनं तिखट. एक दिवस गिऱ्हाइकासमोर मी हलव्याला पापलेट म्हणाले आणि ती पोट धरून हसली. "मास्तराचे पोरी, तू मासं इकू नको, पाटीपेन्सिल इक!" आजूबाजूच्या सगळ्याजणी हसल्या. माझे कान तापले. मी म्हटलं, "मासा कळतो मला. तो कुठे राहतो तेही कळतं." आणि ती चिमणी, तो कळस, तो काळदुर्ग, ते जोडताड... शाळेत कविता म्हणतात तशी, हातवारे करून, सगळं म्हणून दाखवलं. शेवटी टाळ्या पडतील असं बहुधा मला वाटलं असावं. टाळ्या पडल्या नाहीत. पार्वती पाटी घेऊन माझ्याजवळ सरकली आणि तिनं मला हलवा आणि पापलेटातला फरक फार प्रेमानं समजावून सांगितला. चौथ्या दिवशी आमच्या खडकावर परक्या गावच्या सात होड्या होत्या.

सासरे, ज्यांना मुलं आबा म्हणायची, त्या संध्याकाळी ओटीवर बसले आणि दोन्ही मुलांना समोर उभं केलं. मी आत, दाराआड, हातात भाताचं पातेलं. आबांनी आवाज चढवला नाही. "कोन फुटला?" एवढंच विचारलं. हे म्हणाले, मी नाही. मग भालूनं दाराकडे एकदा बघितलं. मला तो दिसत होता, मी त्याला दिसत होते. आणि तो म्हणाला, "मी." आबांनी जाळ्याचा दोर घेतला... माझ्यापासून उंबरा एक पाऊल होता. ते पाऊल मी टाकलं नाही. भात मात्र त्या रात्री फार मऊ शिजला होता, हे मला अजून आठवतं, म्हणजे बघा माझं लक्ष कुठे होतं.

भालूला होडीवरून उतरवलं. सतरा वर्षांच्या कोळ्याच्या मुलाला समुद्र बंद. बोईसरला एका रंगाच्या कारखान्यात त्याला लावून दिलं. दोन वर्षं तो शिफ्टच्या बसनं गेला आणि आला. हात कोपरापर्यंत पिवळे व्हायचे, साबणानं जायचे नाहीत. गावातली पोरं म्हणायची, "भालूचं लगीन झालं, हलद उतरत नाय!" आणि त्याचवेळी त्याला नाव पडलं, फुटका. जे पाणी धरत नाही ते फुटकं. "फुटक्याला सांगू नको, खाडीपार जाईल." तो परत होडीवर गेला, पुढे चांगला तांडेल झाला, म्हणजे बोट ज्याच्या शब्दावर चालते तो, पण नाव पुसलं गेलं नाही. त्याच्या लग्नात बायकांनी उखाण्यात घातलं. सुजाताला शाळेत 'फुटक्याची पोर' म्हणायचे. मी काय केलं? मी त्याच्या पाठीला खोबरेल तेल कोमट करून दिलं आणि मनातल्या मनात गोष्ट मिटवली. केवढं मोठं मन माझं! वर त्याला सांगितलं, "कारखान्यात हातमोजे घालत जा." तो म्हणाला, "हां वयनी." त्या दिवसाबद्दल तो पुन्हा कधीही, एका शब्दानंही, बोलला नाही. मीही नाही. वर्ष सरलं, मग दुसरं सरलं, आणि मग न बोलण्याचीच घराला सवय झाली.

पुढे दोघा भावांनी स्वतःची बोट घेतली आणि त्यावर ते हातात मावणारं पिवळं यंत्र आलं. चिमणी नको, कळस नको, धुक्यातसुद्धा जागेचे आकडे समोर. आकडे उतरवायची वही माझ्याकडे आली, कारण अक्षर माझं चांगलं. मला झालेला आनंद काय सांगू. अखेर माझ्या मॅट्रिकची किंमत कळली म्हणायची! हे आणि भालू सांगायचे, मी रेघा मारून, लाल शाईनं मथळे काढून लिहायचे. वीस वर्षं लिहिली. हे गेल्यावर बोट विकली. एका दुपारी वही चाळताना मी भालूला म्हटलं, चल, आपली घोळीची जागा यंत्रात दाखव मला. त्यानं वहीतला आकडा घातला. बाण समुद्राकडे न वळता आमच्या पाठीकडे वळला. जागा निघाली बोईसर स्टेशनच्या अलीकडे, कारखान्यांच्या पत्र्यांत. मी म्हटलं, "भालू, ही घोळ काय दुसऱ्या शिफ्टला जात होती?"

तो इतका हसला की त्याला खोकला आला. मग म्हणाला, "वयनी, आकडा सरल लिवायचा नसतो. पूर्वेच्या मिनिटांत सात मिळवून लिवायचं, वाचताना सात काडायचं. वही चोरीला गेली तरी चोर बोईसरला जाल मारील." वीस वर्षं मी लाल शाईचे मथळे देऊन खोटे आकडे लिहीत होते! मी विचारलं, "मला नाही सांगितलंत?" त्यानं खिशातून फडकं काढलं. "दादा बोलला, नको." म्हणजे ह्यांना ठाऊक होतं. कोण फुटलं ते ह्यांनी ओळखलं होतं आणि माझ्याशी संसार करताना एकदाही तोंडावर आणलं नव्हतं... भालू यंत्र पुसत म्हणाला, "आता सांगितला ना मी." तेव्हा बोलायला हवं होतं. घरात दोघंच होतो. मी म्हटलं, "चहा ठेवते."

खेळ त्याला सापडला तो केळव्याला. हिवाळ्यातला रविवार होता, तो ओळखीच्या वाडीवाल्याकडे गेला होता. बनात मुंबईचं एक जोडपं सुरूच्या मुळ्यांत डोकं घालून बसलेलं. भालूनं विचारलं, "काय हरवला?" मुलगी म्हणाली, "हरवलं नाही काका, शोधतोय." "हरवला नाय तर शोधता काय?" मग तिनं खेळ समजावला आणि हातातलं यंत्र दाखवलं. ते बघून हा ओरडलाच, "हा तर आमचा बोटीवरला!" दहा मिनिटांत त्यांचा डबा त्यानं शोधून दिला आणि घरी येऊन माळ्यावरून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं यंत्र काढलं. बोट विकल्यापासून मी त्याला एवढा ताठ चालताना पाहिला नव्हता. आठवड्याभरात त्यानं स्वतःचा पहिला डबा केला, जाळ्याच्या पोकळ बोयाचा, तारापूरच्या खाडीजवळ लपवला आणि सुजाताकडून आकडा खेळाच्या साइटवर चढवला. पुढच्या रविवारी वसईहून आलेले पाच जण बोईसरपलीकडच्या ओढ्यात कमरेपर्यंत चिखलात. त्यांतल्या एकानं फोन केला, "काका, तुमचा आकडा चुकलाय." भालू शांतपणे म्हणाला, "चुकलाय कसा? मीच चुकवलाय."

त्यानं सवयीनं मिळवून लिहिलं होतं. त्याला किती समजावलं, की बाबा, ह्या खेळात लोकांनी यावं, सापडावं, हीच तर मजा. त्याला पटायचं. पण हातात पेन घेतलं की हात वळायचा नाही. "सरल आकडा लिवला ना, तर पाठीत कल येते," असं म्हणाला एकदा, हसत. मी हसले नाही. शेवटी ती मुंबईची मुलगी स्वतः येऊन प्रत्येक डब्याचा आकडा तिच्या यंत्रावर घ्यायची आणि साइटवर टाकायची. माझ्यासाठी मात्र भालू स्वतःच्या हातानं चिठ्ठी लिहायचा, आणि ती कायम वाकडी. जमिनीवर रेखांशाची सात मिनिटं म्हणजे बारा किलोमीटर, माणूस दुसऱ्या गावात जाईल, म्हणून आमच्यासाठी सातचे सत्तर झाले: पूर्वेच्या आकड्याच्या शेवटच्या तीन अंकांतून सत्तर वजा करायचे, म्हणजे लिहिलेल्या जागेपासून सव्वाशे मीटर पश्चिमेला. सात वर्षांत अशा चाळीसेक चिठ्ठ्या त्यानं दिल्या. प्रत्येकीतून मी सत्तर काढले आणि प्रत्येक डबा मला तिथे मिळाला.

एक डबा त्यानं बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत ठेवला होता, एका बंद गाळ्यासमोरच्या गटाराच्या कठड्याखाली. मी ओणवी होऊन हात घालतेय आणि भालू बाजूला उभा राहून मुद्दाम आकाशाकडे बघतोय, कारण लपवणाऱ्यानं सांगायचं नसतं. एवढ्यात शेजारच्या कारखान्याचा पहारेकरी काठी आपटत आला. "ए चाचा, क्या ढूँढ रहे हो?" भालू म्हणाला, "डब्बा." "कौनसा डब्बा?" आता काय सांगावं? मी कठड्याखालूनच म्हटलं, "खाने का!" पहारेकऱ्याला आमची दया आली. त्यानं काठी ठेवली, बाह्या वर केल्या आणि त्यानंच डबा काढला. उघडून बघतो तर आत वही आणि पेन्सिल. "अम्मा, आपका खाना तो कोई खा गया." भालूनं त्याला तिथेच बसवून सगळा खेळ समजावला आणि पहिली सही त्याला करायला लावली. परत येताना रिक्षात भालू म्हणाला, "याच रस्त्यानं जायचो मी शिफ्टला." मी बाहेर बघत राहिले. तोही बाहेर बघत राहिला. त्याच्या आवाजात काही नव्हतं, राग नव्हता की काही नाही. पण मला अख्खा रस्ता पिवळा दिसला.

गेल्या पावसानंतर त्याच्या पोटात दुखायला लागलं. निदान व्हायला उशीर झाला आणि मग सगळंच भराभर होत गेलं. पालघरच्या दवाखान्यात दाखल व्हायच्या आदल्या दिवशी तो सकाळी कुणालाही न सांगता रिक्षा करून केळव्याला जाऊन आला. सुजाता खूप ओरडली. दाखल झाल्यावर त्यानं मला यंत्र दिलं आणि उशीखालून चिठ्ठी काढली. "शेवटचा हाय. याचा आकडा साइटवर नाय. तुजाच." मी खाटेजवळ स्टूल ओढलं. पन्नासहून जास्त वर्षं गिळलेलं तोंडाशी आलं होतं. "भालू, ते तेव्हाचं... बाजारात..." त्यानं हात वर केला. "डबा शोध आदी. मंग बोलू." मला वाटलं, टाळतोय. मला वाटलं, बरंच झालं! बघा, अजूनही मी तीच.

मी केळव्याला गेले. चिठ्ठीतून सत्तर काढले, बाण सुरूच्या बनात घेऊन गेला. दोन तास शोधलं. नाही. पालघरला गेले. "गावला?" "नाय." चार दिवसांनी परत गेले, झाडन् झाड बघितलं. नाही. "गावला?" "नाय रे. कुणी नेला असेल." त्यानं डोळे मिचकावले. "जसा लिवलाय तसा गेलीस?" मी म्हटलं, "तुझा लिहिलेला जसाच्या तसा कोण घेईल? मला काय नवीन समजलास?" तो हसायला लागला आणि हसता हसता पोट धरून कळवळला. नर्स धावत आली, मला रागावली. दुखणं ओसरल्यावर तो माझ्याकडे बराच वेळ बघत होता. बारीक झालेला चेहरा, डोळे मात्र तेच, दाराआड बघणारे. "शोध," म्हणाला. "अजून येल हाय." तिसऱ्यांदा मी कालथा घेऊन गेले, कारण आता वाळूतच पुरला असणार असं माझं ठाम मत झालं होतं. त्या दिवशी सुजाताचा फोन आला.

अंत्ययात्रेला सगळा किनारा आला. बोटी बांधून ठेवल्या होत्या. त्याच्या वयाचा एक तांडेल, ज्याच्यासोबत तो अर्धा जन्म समुद्रावर होता, तिरडीला हात लावून मोठ्यानं रडला, "आमचा फुटका गेला रे..." मायेनंच म्हणाला. त्याला दुसरं नाव आठवलंही नसेल. बायकांच्या घोळक्यात सुजाता माझ्या खांद्याला धरून उभी होती, तिचा हात त्या शब्दाला आकसलेला मला कळला. आणि मी? तोंडावर पदर घेतला. पुन्हा दाराआडच.

तेराव्याच्या दिवशी पाहुणे गेल्यावर सुजाता आणि मी भांडी पुसत बसलो होतो. ती मला बोलतं करायला म्हणून म्हणाली, "काकी, बाबांचा शेवटचा डबा मिळाला का हो?" मी नाही म्हटलं. ती जरा हसली. "बाबा म्हणायचे, वयनीला सरळ आकडा दिलाय, पण ती मेली वाकडीच जायची. रोज वाट बघायचे." मी ताट खाली ठेवलं. "सरळ दिलाय?" "हो. म्हणाले, जन्मात पहिल्यांदा सरळ लिहिला. तुम्हाला सांगू का विचारलं तर नको म्हणाले, तिचं तिला कळू दे." ... ज्या हातानं आबांच्या दोरानंतर कुणासाठी एक आकडा सरळ लिहिला नव्हता, त्यानं तो माझ्यासाठी लिहिला. आणि मी त्यातून इमानदारीत सत्तर वजा केले. तीन वेळा. तो वाट बघत असताना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुजाताला घेऊन मी केळव्याला गेले. आकडा आहे तसा यंत्रात घातला. बाण या वेळी बनाकडे वळलाच नाही. डांबरी रस्त्यावरून नारळी-पोफळीच्या वाड्यांमधल्या गल्लीत घेऊन गेला. वाळू नाही, चढ नाही, सावली. एका विहिरीजवळ पंपाची जुनी खोली, तिच्या भिंतीला सिमेंटचा कट्टा. बाण तिथे थांबला. मी सवयीनं खाली वाकायला लागले, तर सुजाता म्हणाली, "काकी, वाकू नका. हे बघा." भिंतीत एक वीट नव्हती, तिथे नारळाच्या सोडणाचा बोळा. कमरेच्या उंचीला. कट्ट्यावर बसून नुसता हात लांबवला तरी पोचेल असा. इतक्या वर्षांत त्यानं मला मुळ्यांत, गटारात, दगडाखाली रांगायला लावलं, आणि हा एकच माझ्या गुडघ्यांना बघून ठेवला होता. पोटात ते दुखणं घेऊन तो किती कट्टे, किती भिंती बघत फिरला असेल... मी बसले. बोळा काढून डबा मांडीवर घेतला आणि उघडला.

आत वही आणि पेन्सिल. पहिल्या पानावर त्याच्या अक्षरात, "ठेवला – तांडेल." खाली रिकामं. मी लिहिलं: "आमच्या खडकाची जागा बोईसरच्या बाजारात मी सांगितली. भालूनं नाही. त्यानं माझ्यासाठी मार खाल्ला." आजवर सगळ्या वह्यांत मी 'वयनी' अशी सही केली. या वेळी लिहिलं, "फुटकी".

वही सुजाताच्या हातात दिली. तिनं वाचलं. पुन्हा वाचलं. पोफळीवरून काहीतरी पडलं तिकडे बघितलं. मग म्हणाली, "एवढी वर्षं, काकी?" मी म्हटलं, "हो." तिनं वही डब्यात ठेवली, झाकण दाबून लावलं, डबा भिंतीत सारला, बोळा नीट बसवला. रिक्षापर्यंत ती माझ्या पुढे चालली, आणि मी तिला हाक मारली नाही. वळणावर मात्र थांबली. मी पोचेपर्यंत थांबली.

आठवड्यानं तिनं मला फोन केला. डब्याचा आकडा साइटवर टाकू का, विचारलं. मी म्हटलं, टाक. तिनं टाकला, आहे तसा. परवा कुणीतरी तो शोधला आणि साइटवर लिहिलं, की जागा छान आहे, सहज मिळाला. पण वहीतली ही फुटकी कोण? सुजातानं त्याला उत्तर दिलेलं नाही. म्हणाली, "काकी, ते मी देणार नाही. तुम्ही द्या." म्हणून हे लिहिलं.